आच लागल्यावर माशातले काय जाते?

१०० ग्रॅम कच्च्या बांगड्यात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. तोच बांगडा भाजून पुन्हा १०० ग्रॅमचा हिशेब मांडला, तर आकडा २५च्या घरात जातो. मग भाजल्याने प्रथिने वाढली का? मुळीच नाही. कच्च्या बांगड्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. आचेवर त्यातले काही निघून जाते, १०० ग्रॅमचा तुकडा ८० ग्रॅमवर येतो आणि तीच २० ग्रॅम प्रथिने कमी वजनात दाटतात. पोषणाचे तक्ते वाचताना एवढी एक गोष्ट नजरेआड झाली, की दोन्हीकडच्यांची फसगत होते. कुणी म्हणतो शिजवलेला मासा अधिक सकस, कुणी म्हणतो शिजवला की सत्त्व गेले. घोळ दोघांच्याही हिशेबात पाण्याचाच असतो.

गोव्यात हा प्रश्न आता घरोघरी निघतो. पणजीत आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर सुशी मिळते, हॉटेलांत लिंबाच्या फोडीसोबत कच्ची कालवे पुढे येतात, आणि ‘कच्चे म्हणजे जिवंत, शिजवलेले म्हणजे मेलेले’ असा एक समज त्यांच्याबरोबर ताटात येऊन बसतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एकेका घटकाकडे बघून द्यावे लागते, कारण आच सगळ्यांना सारखी लागत नाही.

सर्वांत हळवे असते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. ते उष्णतेने मोडते आणि पाण्यातही उतरते. फोलेट त्याच्या मागोमाग. ब-१२ त्या मानाने चिवट असते; मात्र पाण्यात विरघळते, म्हणून मासा उकळून पाणी ओतून दिले तर त्या पाण्यासोबत जाते. टॉरिन (अमिनो आम्लासारखे एक द्रव्य), पोटॅशियम, आयोडीन यांचेही तसेच; ती नष्ट होत नाहीत, रश्शात उतरतात. ड जीवनसत्त्व माशाच्या चरबीत टिकून राहते. जस्त आणि लोह तर मूलद्रव्ये, त्यांना आच काय करणार? राहिली ओमेगा-३ आम्ले, ज्यांच्यासाठी डॉक्टर तेलकट मासे खायला सांगतात. उकळत्या रश्शात किंवा वाफेवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तेवढ्या आचेत थोड्या वेळासाठी ही आम्ले जवळजवळ जशीच्या तशी राहतात.

नुकसान होते ते कढईत. पापलेट किंवा लेपो असा कमी चरबीचा मासा भरपूर तेलात तळला की तेल पितो. बांगडा आणि तारली तेल कमी पितात, पण त्यांची स्वतःची चरबी कढईत सुटते. म्हणजे बांगड्यातले ओमेगा-३ तेलात आणि तेलातले ओमेगा-६ बांगड्यात, असा तोट्याचा सौदा होतो. त्यापेक्षा रवा लावून तव्यावर दोन चमचे तेलात, एकेक बाजू ३-४ मिनिटे, हे बरे. तेल आधी नीट तापलेले हवे. कोमट तेलात तुकडा ठेवला की कवच धरायच्या आधीच रवा तेल शोषून घेतो, मासा तव्याला चिकटतो, उलटताना कातडे तुटते आणि कातड्याखालची चरबी, म्हणजे नेमका कामाचा भाग, तव्यावर राहतो. तेच तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरणे तर अगदीच वाईट.

आता हुमणाकडे, म्हणजे गोव्याच्या खोबरे घातलेल्या माशाच्या कडीकडे पाहा. चार मध्यम बांगडे, अर्ध्या नारळाचे खोबरे, सहा-सात सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद. वाटण बारीक, गंधासारखे. ते पाणी घालून आधी एकटेच उकळायचे, त्यात पाच-सहा सोले (कोकम) आणि ठेचलेली सात-आठ तिरफळे टाकायची, मीठ घालायचे, आणि मासा सर्वांत शेवटी. मासा पडल्यावर आच मंद, ६ ते ८ मिनिटे, डाव घालायचा नाही, भांडेच दोन्ही कानांना धरून हलकेच फिरवायचे. चुकते कुठे, तर मासा आधीच टाकून वाटणासोबत वीस मिनिटे रटरटवला जातो. मग मांसाचे धागे आवळतात, आतले पाणी पिळून निघते, तुकडा कोरडा लागतो आणि ब-१ तेवढे अधिक मोडते. पण ते पिळून निघालेले पाणीही कडीतच पडते आणि कडी शितावर, म्हणजे भातावर, ओतली जाते. पाण्यात विरघळणारे जे काही माशातून सुटले, ते ताटाबाहेर जात नाही. पोषणाच्या दृष्टीने ही फार शहाणी रीत आहे, आणि ती कुणा आहारतज्ज्ञाने शिकवलेली नाही.

उलट कच्च्या माशात एक गोष्ट अशी असते जी शिजवल्यावर गेलेलीच बरी. काही माशांत आणि शिंपल्यांत थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते ब-१ मोडून टाकते, स्वतःच्या मांसातलेही आणि सोबतच्या अन्नातलेही. आच लागली की ते निकामी होते. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या शेतावर पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे खायला घालत. कोल्ह्यांचे पाय लुळे पडले, कित्येक मेले. कारण निघाले ब-१ची कमतरता, आणि त्या विकाराला ‘चॅस्टेक पक्षाघात’ असेच नाव पडले. तारलीच्या नात्यातले बरेच मासे, काही शिंपले यांत हे विकर सापडते. तांबोशीसारख्या खडकाळ भागातल्या माशांत सहसा नाही. महिन्यातून एकदा चार तुकडे कच्चे खाणाऱ्याला यातून काही होत नाही. पण ‘रोज कच्चे खा’ असा सल्ला देणाऱ्याने हे कोल्हे लक्षात ठेवावेत. आपल्या ताटात याची दुहेरी सोय आहे, कारण मासा शिजलेला असतो आणि भात उकड्या तांदळाचा. भात सालासकट उकडताना कोंड्यातले ब-१ दाण्याच्या आत शिरते, म्हणून नंतर सडला तरी पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा उकड्यात ते जास्त उरते.

दुसरी गोष्ट काट्यांची. कच्चा मासा खायचा म्हणजे काटा, डोके, कातडे, पोटाखालचा पातळ भाग सगळे वगळून फक्त मांसाची वडी घ्यायची. वडी देखणी असते, पण कॅल्शियमच्या दृष्टीने ती माशाचा सर्वांत गरीब भाग आहे. माशातले कॅल्शियम जवळजवळ सगळे काट्यात असते. वेर्ल्या (बारीक मासे) कुरकुरीत भाजून शेपटीपासून डोक्यापर्यंत चावून खाल्ल्या, किंवा लहान पेडवे भिंडसोलांत (कोकमांत) आटवून काटे मऊ केले, की जे मिळते ते इसवणाच्या (सुरमईच्या) कच्च्या कापात मिळणे शक्यच नाही. काटे खाण्याजोगे होतात ते आचेने किंवा उन्हाने. म्हणून ज्या घरात दूध कमी खपते, त्या घरात महागड्या इसवणापेक्षा वेर्ल्यांचा वाटा मला मोलाचा वाटतो.

आणि कच्चे-शिजलेले या वादापेक्षा कितीतरी मोठा फरक ऋतूने पडतो. तारलीचेच घ्या. पावसाळ्यात अंडी घालून झाल्यावर ती रोडावलेली असते, चरबी दोन-तीन टक्क्यांवर आलेली. मग समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचा सुकाळ होतो, ती खाऊन ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास तीच तारली इतकी तेलकट होते की चरबी पंधरा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून वर जाते. कापताना सुरी निसरडी होते, हुमणावर पिवळसर तवंग येतो. ओमेगा-३ हवे असेल तर ते त्या तवंगात आहे. एके काळी भरमसाट सापडली की जी तारली माडांच्या आळ्यांत खत म्हणून पुरली जायची, तिच्यात पापलेटाहून हे तेल कितीतरी पटींनी अधिक असते. भाव मात्र उलटा.

कालवांची गोष्ट वेगळी, कारण जगभर ती कच्चीच खाण्याची चाल आहे. कालवात जितके जस्त असते तितके रोजच्या खाण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही पदार्थात नसते. तिसऱ्या आणि शिणाणे या शिंपल्यांत ब-१२ आणि लोह भरपूर. १०० ग्रॅम तिसऱ्यांच्या मांसात ब-१२ दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट निघते. हे सगळे शिजवल्यावरही शिल्लक राहते. जस्तासाठी कालव कच्चे खायची गरज नाही. कच्चे खायचे ते चवीसाठी, त्या खारट, गार, धातूसारख्या चवीसाठी, आणि तसे ते सरळ सांगावे.

कारण त्या चवीची किंमत आपल्या पाण्यात जास्त पडते. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो. तासाला लिटरच्या हिशेबात पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाते, आणि त्यातले सूक्ष्म अन्न आत राहते, तसे त्या पाण्यातले जिवाणू आणि विषाणूही. खाडीच्या वरच्या अंगाला कुठे मलवाहिनी फुटली असेल, तर त्याची नोंद कालवात होते. १९८८ साली शांघायमध्ये कच्च्या, अर्धवट वाफवलेल्या शिंपल्यांतून हिपॅटायटिस-अ पसरला आणि सुमारे ३ लाख माणसे आजारी पडली. शिंपले ताजे होते, वास येत नव्हता, चवीतही खोट नव्हती. दूषित पाण्याला चव नसते.

मलप्रदूषण नसले तरी व्हिब्रिओ हा जिवाणू उरतोच, कारण तो समुद्राचाच रहिवासी. ऑक्टोबर १९५० मध्ये ओसाकात अर्धवट सुकवलेली तारलीची पिल्ले खाऊन २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले; त्या तपासातून व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा जिवाणू जगाला कळला. त्याला उबदार खारे पाणी आवडते. अनुकूल उष्णतेत तो दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. एकाचे तासाभरात ६४, तीन तासांत अडीच लाखांहून अधिक. थंड देशात हिवाळ्यातले कालव आणि गोव्याच्या २८-३० अंशांच्या पाण्यातले कालव, यांत हा फरक आहे. त्याचाच भाऊ व्हिब्रिओ व्हल्निफिकस विरळा, पण यकृताचा विकार असलेल्याच्या रक्तात तो उतरला तर निम्म्याच्या आसपास रुग्ण वाचत नाहीत. कालवावर लिंबू पिळले, तिखट सॉस घातला, वर फेणीचा घोट घेतला, तरी यातले काहीही त्याला मारत नाही. यकृत बिघडलेल्या माणसाने कच्चे कालव तोंडात घालू नये, एकही नाही.

तिसऱ्यांचे काम असे करावे. घरी आणल्या की चोळून धुवायच्या, लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून तास-दोन तास अंधारात ठेवायच्या, म्हणजे त्या वाळू थुंकतात. गोड्या पाण्यात ठेवल्या तर तोंड मिटून बसतात आणि मरतात. नंतर उघड्या तोंडाच्या दिसतील त्यांवर टिचकी मारायची. मिटली नाही तर फेकायची. मग झाकण ठेवून अर्धा पेला पाण्यावर वाफवायच्या. तीन-चार मिनिटांत तोंडे उघडतात, आणि घाई इथेच होते. शिंपली उघडली म्हणजे शिजली असे नाही. तिला जोडून धरणारा स्नायू आधीच्याच आचेत सुटतो, विषाणू त्या आचेत मरत नाही. त्यासाठी मांसाच्या आत ९० अंश आणि ते ९० सेकंद, हे मान्य माप आहे. म्हणून उघडल्यावर आणखी तीन-चार मिनिटे चांगली वाफ द्यायची. न उघडलेल्या टाकून द्यायच्या. भांड्यात तळाशी जे दुधाळ पाणी जमते ते पातळ फडक्यातून गाळून त्याच सुक्यात किंवा तोणाकात घालायचे. टॉरिन आणि ब-१२ त्यात असते. आदोळीवर (विळीवर) कच्च्याच फोडून एकशिपी (एकाच शिंपेसकट मांस) करणाऱ्यांनी खाली परात ठेवावी, नाहीतर तेच पाणी मोरीत जाते.

आता वडीकडे, म्हणजे सशिमीकडे. इथे मुख्य शत्रू जंत. ॲनिसाकिस नावाचा, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, गुंडाळी करून बसलेला पांढरट जंत समुद्री माशांच्या आतड्याभोवती असतो. मासा मेला आणि पोट साफ करायला उशीर झाला, की तो मांसात सरकतो. जिवंत गिळला गेला तर माणसाच्या जठराच्या भिंतीत शिरू पाहतो. काही तासांत पोटात असह्य कळा येतात. १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये हलक्या मिठातला हेरिंग खाणाऱ्यांत याचा छडा लागला, आणि पुढे तिथे हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती आली. भारतीय किनाऱ्यावरच्या माशांतही या कुळातले जंत आढळतात.

उपाय दोनच, आच किंवा गोठण. आचेत ६० अंशांच्या वर एक मिनिट पुरते. गोठणीचे अमेरिकी माप उणे २० अंशांना ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरातला फ्रीज इथे दगा देतो. त्याच्या बर्फकप्प्यावर उणे १८ लिहिलेले असते, पण दार उघडझाप होते, वीज जाते, आणि दीड किलोचा तुकडा मध्यापर्यंत गोठायलाच दिवस लागतो. शिवाय इतक्या सावकाश गोठताना मांसात बर्फाचे मोठे खडे होतात, पेशी फाटतात, आणि वितळल्यावर वडी पाणी सोडून लिबलिबीत होते. म्हणजे सुरक्षितपणाही नाही आणि पोतही नाही. शिवाय गोठणीने जंत मरतात, जिवाणू फक्त झोपतात.

जपानमध्ये तरी सामन (सॅल्मन) कच्चा कुठे खात होते? प्रशांत महासागरातल्या सामनात जंत असतात म्हणून तो मीठ लावून, भाजूनच खाल्ला जाई. सुशीवरचा नारिंगी सामन आला १९८०च्या दशकात, नॉर्वेने आपला शेतीतला मासा तिथे खपवायला घेतला तेव्हा. तो मासा कारखान्यातल्या खाद्याच्या गोळ्यांवर वाढतो, समुद्रातली जंतवाहक कोळंबी खात नाही, म्हणून निर्धोक. आपल्याकडे याच नावाने एक धोकादायक घोटाळा होतो. रावसाला इंग्रजीत भारतीय सामन म्हणतात. रावसाचा सामनाशी काडीचाही संबंध नाही. तो खाडीच्या तोंडाशी फिरणारा, जंगली, वेगळ्याच कुळातला मासा आहे. सामनाची कृती बघून रावस कच्चा कापू नये.

खाडीतल्या माशांना तर कच्चे खाण्याच्या यादीतून सरळ काढून टाकावे: शेवटे, काळुंदर, चणक, मानशीवर (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) सापडणारी सुंगटे (कोळंबी). नाईलच्या मुखाकडे शेवट्याच्या कुळातला मासा कच्चा किंवा जेमतेम खारवून खाल्ल्याने आतड्यातले पर्णकृमी होतात, हे जुने आणि पक्के ज्ञान आहे. गोड्या पाण्यातला मासा, नदीतला खेकडा कच्चा खाणे त्याहून वाईट. यकृतात आणि फुप्फुसात राहणारे कृमी तिथून येतात.

लिंबाचा गैरसमज वेगळा सांगायला हवा. लिंबाच्या रसात इसवणाचे तुकडे वीस मिनिटे ठेवले की ते पांढरे, घट्ट होतात, शिजल्यासारखे दिसतात. आम्लाने प्रथिनांची घडी उलगडते, आचेने उलगडते तशीच, पण जंत त्या आम्लात दिवसेंदिवस जगू शकतो. माणसाच्या जठरातल्या आम्लातही जगतोच ना. व्हिब्रिओ थोडे कमी होतात, साल्मोनेला हा जिवाणू तितका हटत नाही. आपल्याकडे सोल, चिंच, शिर्का यांची आंबटाई सदैव आचेच्या सोबतीने येते. बांगड्याचा परा तेवढा कच्च्याच्या जवळ जातो, पण तिथे मासा आधी भरपूर मिठात मुरून उन्हात खडखडीत वाळलेला असतो, मग शिर्क्यात पडतो, आणि पानात येण्यापूर्वी बहुधा तव्यावर परतला जातो.

जंतांची भीती शिजवल्याने जाते. एक भीती शिजवल्यानेही जात नाही, आणि ती नेमकी आपल्या लाडक्या बांगड्यात आहे. बांगडा, तारली, कुपा (टूना) यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल खूप असते. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. एकदा ते झाले की तळा, उकळा, गोठवा, डबाबंद करा, ते तसेच राहते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, जीभ चुरचुरते, अंगावर पित्त उठते. लोक म्हणतात मला बांगडा सोसत नाही. पुष्कळदा सोसत नसतो तो बर्फाचा अभाव. वासावरून हे ओळखता येतेच असे नाही. २८ अंशांहून गरम हवेत मेलेला मासा सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे, आणि नंतर शेवटपर्यंत ४ अंशांच्या खाली राहिला पाहिजे. आपल्या हवेत किलोला किलो बर्फ हे माप धरावे, तेही बारीक फोडलेले, माशाच्या खाली, वर आणि मध्ये, वितळलेले पाणी निथळून जाईल असे. मोठी लादी वर ठेवून दिली की फक्त वरचा थर गार होतो. बाजारातून घरी येतानाही हेच लागू. मडगावच्या बाजारातून बांगडे घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकायचे आणि वाटेत आणखी दोन कामे करायची, यात सकाळच्या बर्फाची सगळी मेहनत वाया जाते.

बाजारात पाहायचे ते असे. डोळा फुगीर, बुबूळ काळेभोर. कल्ला उचलला की लालभडक, चिकट धागा नाही. बोटाने दाबले की खड्डा भरून येतो. पोट घट्ट, बांगड्याचे पोट आधी फुटते, कारण आतड्यातली विकरे भिंत खातात. वास समुद्राचा, मासळीचा नव्हे. जुलै २०१८ मध्ये मासा टिकवायला फॉर्मेलिन हे विषारी रसायन लावल्याच्या संशयाने परराज्यांतल्या माशांवर गोव्यात पंधरा दिवसांची बंदी आली, तेव्हापासून आणखी एक गोष्ट लोक पाहू लागले. मासा रबरासारखा ताठ, कल्ले फिकट, डोळे मेलेले, आणि तरीही वास अजिबात नाही, अशी विसंगती दिसली की घेऊ नये. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीची चाचणी तयार केली आहे. माशाच्या अंगावर घासून थेंब टाकला की रंग बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या ६१ दिवसांतला बराच मासा लांबून, बर्फात दिवस काढून येतो, आणि नद्यांतून सगळ्या गावांचे पाणी खाडीत उतरलेले असते. जून ते सप्टेंबर कच्चे काहीही खाऊ नये, कालवे तर मुळीच नाहीत.

इतके सांगूनही कुणाला घरी वडी कापायचीच असेल, तर कारखान्यात खोल गोठवलेला कुपा किंवा सामन घ्यावा आणि गोठणीचे तापमान-दिवस विचारावेत. ‘सशिमी दर्जा’ या शिक्क्यामागे कायद्याने ठरवलेले माप नसते, म्हणून नुसत्या शिक्क्यावर जाऊ नये. हवाबंद पिशवी वितळण्याआधी फोडावी. प्राणवायू नसलेल्या पिशवीत मासा वितळत राहिला तर बोट्युलिनमचे, घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. वितळणे फ्रीजमध्येच, ताटलीवर कागद अंथरून, रात्रभर. ओट्यावर कधीच नाही. सुरी आणि फळी त्या कामापुरती वेगळी, आधी उकळत्या पाण्याने धुतलेली. तुकडा कोरडा टिपून धाग्याला आडवे कापावे, अर्ध्या सेंटिमीटरच्या वड्या. माणशी ६०-७० ग्रॅम पुष्कळ झाले. त्यातून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बर्फावर ठेवलेल्या ताटलीत वाढावे आणि अर्ध्या तासात संपवावे. उरले तर लगेच तव्यावर. पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून उद्या कच्चे खायचे नाही.

गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुले, साठी उलटलेली माणसे, मधुमेही, कर्करोगावर औषधे घेणारे, यांच्या पानात कच्चे नको. गरोदरपणात माशावरच फुली मारतात, ते मात्र चुकीचे आहे. बाळाच्या मेंदूला ओमेगा-३ आणि आयोडीन तेव्हाच हवे असते. टाळायचे ते मोरी (शार्क) आणि फार मोठे शिकारी मासे, कारण त्यांत पारा साठत जातो आणि तो कच्चे-शिजलेले असा भेद करत नाही. बांगडा, तारली, वेर्ल्या नीट शिजवून आठवड्यातून दोनदा द्याव्यात.

आणि अख्खा मासा आणून कापला असेल तर एक हिशेब आधी करावा. दोन किलोच्या माशातून काटा-कातडे काढून वडीजोगे मांस किलोच्या आसपास निघते. उरलेल्या किलोत डोके, गालांचे मांस, मधला काटा, पोटाची चरबीदार पट्टी असते. कल्ले तेवढे काढून टाकावेत, ते कडू लागतात. डोके उभे दोन भागांत चिरावे, काट्याचे चार तुकडे करावेत, मीठ-हळद लावून दहा मिनिटे ठेवावे. वाटण तोवर उकळायला लागलेले असते.